मालक कोण?

तात्त्विक प्रश्नांबद्दल आपल्याकडे एक सोयीचं सौजन्य आहे. देव आहे का, आत्मा कुठे जातो, पुनर्जन्म खरा की खोटा, असं काही निघालं की चार वाक्यांत कुणीतरी म्हणतं, ‘ज्याची त्याची श्रद्धा.’ मग चहा येतो. या सौजन्यात शहाणपण आहेच. शेजारी मेल्यावर कुठे जाणार याचं त्याचं उत्तर चुकीचं असलं, तरी माझ्या भाताच्या कणग्यांना त्याचा धक्का लागत नाही.

पण काही प्रश्नांची उत्तरं दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडतात. ‘ही जमीन कुणाची?’ हा असा एक प्रश्न. ती माझी आहे, असं मी मानतो तेव्हा ती तुझी नाही, असंही त्याच श्वासात म्हणतो. माझं मानणं तुला पाळावं लागतं. पाळलं नाहीस, तर तलाठी, पोलीस आणि कोर्ट माझ्या बाजूने उभे राहतात. एवढी सरकारी ताकद पाठीशी असलेली समजूत ‘वैयक्तिक मत’ म्हणून सोडून देता येत नाही.

या प्रश्नाचा अभ्यास करायला रायगड जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचित मिळेल. पेण आणि रोहा हे तालुके, शेजारचं अलिबाग, एवढ्या टापूत गेल्या सव्वाशे वर्षांत या एका प्रश्नाला निरनिराळी उत्तरं दिली गेली. काही देवाचं नाव घेऊन, काही देवाला बाजूला ठेवून. देणाऱ्यांपैकी दोघे तर याच मातीत जन्मले आणि पुढे दोघांनाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पहिले पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा. जन्म ११ सप्टेंबर १८९५. बालपणाची वर्षं गागोद्यात गेली, मग वडिलांच्या नोकरीपायी कुटुंब बडोद्याला गेलं. घरच्या फणसाची आठवण विनोबांनी सांगितली आहे. झाडावरचा फणस पिकला की आई आधी शेजारच्या घरांचे वाटे करायची आणि ते पोचवायचं काम छोट्या विन्याकडे असायचं. घरातल्यांनी खायचं ते त्यानंतर. देणारा तो देव आणि राखून ठेवणारा राक्षस, एवढं साधं तिचं नीतिशास्त्र होतं. झाड भाव्यांच्या आवारातलं होतं, त्याबद्दल वाद नव्हता. पण फळावर आपला हक्क पहिला नाही, हे त्या घरात न सांगता शिकवलं जात होतं. मालकी आणि हक्क या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात, हा धडा कायद्याच्या विद्यार्थ्याला पदवीच्या वर्गात मिळतो. विन्याला तो फणसाच्या गऱ्यांबरोबर मिळाला.

पन्नाशी उलटल्यावर विनोबा हाच धडा घेऊन तेलंगणात गेले. तिथे कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली जमीनदारांविरुद्ध सशस्त्र लढा चालू होता. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी ती मागणी सरकारकडे न नेता जमलेल्या गावकऱ्यांपुढे ठेवली, आणि रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदाराने उभं राहून १०० एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झालं. ‘सबै भूमि गोपाल की’ ही त्याची घोषणा. जमीन हवा-पाण्यासारखी ईश्वराची, माणूस तिचा विश्वस्त, म्हणून भूमिहीनाला वाटा देणं हे उपकार नसून परतफेड आहे, असा हा युक्तिवाद. उपनिषदांपासून गांधींच्या विश्वस्त-कल्पनेपर्यंतची परंपरा त्यामागे आहे. विनोबा वर्षानुवर्षं देशभर पायी फिरले ते व्याख्यानं झोडायला नव्हे. ते प्रत्येक गावात हा युक्तिवाद एकरांत मोजून मागत होते.

उद्दिष्ट होतं ५ कोटी एकरांचं. कागदावर ४० लाखांहून अधिक एकर जमीन आली, प्रत्यक्ष वाटली गेली ती त्याहून बरीच कमी. काही दानं माळरानाची होती, काही वादातल्या जमिनींची, काही ठिकाणी बापाने दिलेलं दान मुलांनी मानलं नाही. तरीही जगाच्या इतिहासात केवळ विनवणीवर एवढी जमीन हललेली दुसरीकडे सापडणं कठीण. राज्यांना भूदानाचे, ग्रामदानाचे कायदे करावे लागले. महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा १९६४चा आहे, आणि तो अडगळीत पडला असं वाटत असताना २०१३ साली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या गावकऱ्यांनी आपल्या खासगी जमिनी त्याच कायद्याखाली ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय घेतला.

विनोबांच्या उत्तरात एक अडचण होती. ते देणाऱ्याच्या मनावर अवलंबून होतं. ज्याला गोपाळ मान्य नाही, किंवा मान्य आहे पण बांधावरून आत येऊ द्यायचा नाही, त्याच्यापुढे विनोबांकडे दुसरा उपाय नव्हता. त्यांना तो नकोच होता. सक्तीने घेतलेली जमीन माणूस बदलत नाही, असं ते म्हणत. ते बरोबरच असावं. फक्त ज्याच्या घरात चूल पेटत नाही, त्याने जमीनदाराचं हृदयपरिवर्तन होईपर्यंत काय खायचं, हा प्रश्न राहतो.

या प्रश्नाचं उत्तर विनोबांच्या पदयात्रेच्या अठरा वर्षं आधी, गागोद्यापासून फार लांब नसलेल्या चरी गावात दिलं गेलं होतं. तेव्हा हा सगळा कुलाबा जिल्हा होता आणि इथे खोती होती. खोत म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणारा वंशपरंपरागत मधला माणूस. कुळाने राबायचं, पिकाचा मोठा हिस्सा खोताच्या घरी घालायचा, शिवाय वेठ. १९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली ठरवलं की खोताची जमीन कसायचीच नाही. शेतकऱ्यांनी संप करणं ही कल्पनाच अजब. कारखाना बंद पडला तर मालकाचं नुकसान, शेत पडीक राहिलं तर आधी कुळाच्याच पोटाला चिमटा. तरी तो संप १९३९पर्यंत चालला. लोकांनी लाकडं तोडून विकली, खाडीत मासे-खेकडे धरले, अर्धपोटी दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले. खोती रद्द करण्याचं विधेयक त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात मांडलं आणि जानेवारी १९३८मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. पुढे १९३९चा कूळकायदा आला, स्वातंत्र्यानंतर खोती गेली, १९४८चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषकदिन आला. ‘कसेल त्याची जमीन’ हे वाक्य घोषणेतून कायद्यात उतरलं.

चरीच्या संपाकडे आपण चळवळ म्हणून पाहतो. मला तो तत्त्वज्ञानातलाही एक मोठा प्रसंग वाटतो. ‘कसेल त्याची’ या दोन शब्दांत मालकीचा संपूर्ण सिद्धान्त आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो जवळपास असाच मांडला होता. माझं शरीर माझं, म्हणून माझे कष्ट माझे. ते कष्ट ज्या जमिनीत मिसळले ती माझी. त्याने एक अटही घातली होती, की दुसऱ्यांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. चरीच्या कुळांपैकी कुणी लॉक वाचला असेल असं मला वाटत नाही. गंमत अशी की इंग्रजांच्या राज्यात खोतांचं संरक्षण होत होतं, आणि त्याच इंग्रजांच्या तत्त्वज्ञाचं म्हणणं चरीची कुळं स्वतःच्या डोक्याने शोधून खोतांविरुद्ध वापरत होती.

लॉकच्या सिद्धान्ताची काळी बाजूही आहे. अमेरिकेतले मूळ रहिवासी जमीन नांगरत नाहीत, सबब ती त्यांची नाही, असं म्हणायला तो उपयोगी पडला. आपल्याकडेही ही बाजू दिसते. पेण, रोहा, सुधागडच्या डोंगरउतारांवर कातकरी आणि ठाकर नाचणी-वरी पिकवत आले. इंग्रजी अमदानीत वनखात्याने त्यांना ‘दळी’ म्हणून तुकडे लावून दिले. ही जमीन त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कसली, पण सातबारा वनखात्याचा. ‘कसेल त्याची’ हे कुळाला लागू झालं, कातकऱ्याला झालं नाही. त्यासाठी २००६चा वनहक्क कायदा यावा लागला, आणि दळीच्या दाव्यांसाठी लोकांना तहसील-प्रांताच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. कसणं म्हणजे काय, नांगर लागलाच पाहिजे का, वर्षातले सहा महिने वीटभट्टीवर गेलेला माणूस कसणारा धरायचा का, या सगळ्या व्याख्या आहेत, आणि व्याख्या करणं हा तत्त्वज्ञानाचा सर्वात जुना धंदा.

आता रोहा. कुंडलिकेच्या काठच्या या गावात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. वडील वैजनाथशास्त्री मुंबईत माधवबागेत गीता पाठशाळा चालवत. पांडुरंगशास्त्री १९५४ साली जपानमध्ये जागतिक धर्मपरिषदेला गेले आणि गीतेच्या विचारांवर बोलले. त्यांच्या चरित्रांत सांगतात, की तिथे त्यांना विचारण्यात आलं, हे विचार जगणारा एक तरी समाज तुमच्या देशात आहे का? प्रश्न बोचरा होता. स्वाध्याय परिवार हे त्याचं उत्तर. माणसाच्या आत ईश्वर वास करतो, हा त्याचा पाया. इथवर हे नेहमीचं प्रवचन वाटेल. पण शास्त्रींनी त्यातून एक हिशोबाचा प्रश्न काढला. ईश्वर आत बसून माझ्याबरोबर राबत असेल, तर कमाईत त्याचा वाटा किती?

या प्रश्नातून ‘योगेश्वर कृषी’ आली. गावाने मिळून थोडी जमीन घ्यायची, प्रत्येक घरातल्या माणसाने वर्षातले काही दिवस तिथे मजूर म्हणून नव्हे तर पुजारी म्हणून राबायचं, आणि पिकावर कुणाचंच नाव लावायचं नाही. किनाऱ्यावर, गुजरातेत आणि आपल्याकडे, ‘मत्स्यगंधा’ नावाच्या होड्या आल्या. परिवारातल्या कोळ्यांना ते सागरपुत्र म्हणत. पाळीपाळीने खलाशी जात आणि त्या होडीची मासळी देवाची. या पैशाला ‘अपौरुषेय लक्ष्मी’ हे नाव. त्यातून अडल्या घराला मदत जाई, ती कुणी दिली हे न कळता, प्रसाद म्हणून. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये ही काळजी या रचनेत मुळापासून घेतली आहे, आणि मला ती भूदानापेक्षा सूक्ष्म वाटते. भूदानात दाता समोर उभा होता, त्याचे फोटोही निघत. इथे दाताच नाही. १९९६ला मॅगसेसे, १९९७ला टेम्पल्टन हे मान शास्त्रींना मिळाले, ते २००३ साली गेले. त्यांच्यामागे परिवारात कारभार आणि पैसा यांवरून वाद झाले आणि कोर्टकचेरीपर्यंत गेले. ज्या धनावर कुणाचंच नाव नाही, त्याच्या चाव्या मात्र कुणाच्या तरी कमरेला असतात.

देवाच्या नावावर मालमत्ता ठेवण्याची युक्ती शास्त्रींची नवी नव्हे. आपल्या कायद्यात देव खरोखरच मालमत्ता बाळगतो. प्रतिष्ठापना झालेली देवळातली मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ आहे, तिच्या नावावर जमीन होऊ शकते, ती दावा लावू शकते. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली एका खटल्यात हे ठाशीवपणे मांडलं. मात्र देव कायमचा अज्ञान मानलेला आहे, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलासारखा. त्याचा कारभार दुसऱ्याने पाहायचा, पण त्याच्या हिताविरुद्ध वागायचं नाही. महाराष्ट्रात देवस्थान इनाम, वर्ग ३ म्हणतात त्या जमिनी या जातीच्या. पुजारी तिथला वहिवाटदार, मालक नव्हे. सप्टेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात पुन्हा हेच सांगितलं, की महसुली नोंदीत मालक म्हणून देवाचंच नाव हवं, पुजाऱ्याचं नको. निकाल देणाऱ्या न्यायाधीशाने देव मानला पाहिजे अशी अट कुठेही नाही. निरीश्वरवादी न्यायाधीशालाही तो निकाल तसाच द्यावा लागेल. श्रद्धेतून निघालेली कल्पना श्रद्धेशिवाय चालू शकेल अशा घडणीची झाली, की ती अशी दिसते.

पेणचं नाव काढून गणपतीचं काढलं नाही तर पेणकर रागावतील. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे या भागातल्या कारखान्यांतून लाखो मूर्ती देशभर आणि परदेशांतही जातात, आणि पेणच्या कारागिराची डोळ्यांची आखणी ओळखणारे लोक आहेत. गागोद्याच्या घरी विनोबांचे आजोबा शंभुराव चंदन उगाळून मुलांकरवी गणपती घडवून घेत, त्याची भक्तिभावाने पूजा होई आणि मग विसर्जन. आपणच घडवलेलं, आपणच पुजलेलं आपल्याच हाताने पाण्यात सोडायचं, याचा मुलावर खोल परिणाम झाला, असं विनोबांच्या आठवणींत आहे. विसर्जन ही मालकी सोडण्याची तालीमच आहे. मूर्ती पैसे मोजून घरी आणली तरी प्रतिष्ठापनेनंतर घरमालक हा यजमान होतो, आणि उत्तरपूजेनंतर पाटावर पुन्हा माती उरते.

आणि माती उरत नसेल तर? प्लास्टर ऑफ पॅरिस हलकं, स्वस्त, लवकर सुकणारं. शाडू पाण्यात काही तासांत विरघळतो, प्लास्टर विरघळायला फार वेळ घेतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२०मध्ये अशा मूर्तींवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पेणच्या कारखानदारांचा जीव टांगणीला लागला, कारण हजारो हातांचं काम यावर अवलंबून. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात फिरत राहिलं. डॉ. अनिल काकोडकरांच्या समितीचा अहवाल आला, आणि जून २०२५मध्ये न्यायालयाने मूर्ती घडवायला मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनावर बंधन ठेवलं. जुलैत सहा फुटांपेक्षा उंच मूर्तींसाठी तात्पुरती सवलत मिळाली. या सगळ्या युक्तिवादांच्या तळाशी एकच कोडं आहे. चौपाटीवर दुसऱ्या दिवशी अर्धवट तरंगणारा सोंडेचा तुकडा हा देव की कचरा? शास्त्र सांगतं उत्तरपूजेनंतर देव गेला. मग उरलं त्याची जबाबदारी घडवणाऱ्याची, पुजणाऱ्याची की नगरपालिकेची? मला वाटतं, ती पुजणाऱ्याची. यजमानपण पाहुणा गेल्यावर घर आवरेपर्यंत टिकतं.

शेवटचं उत्तर मतपेटीतून आलं. पेणचा खारेपाट हा खाडीला बांध घालून मिळवलेला भाताचा मुलूख. इथे एकाच्या शेताची मालकी दुसऱ्याच्या बांधावर टिकते. उधाणात एका जागी खांड गेली, की खारं पाणी सगळ्यांच्या खाचरांत शिरतं. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात, सरकारने एक विलक्षण गोष्ट केली. रिलायन्सच्या महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही, हे शेतकऱ्यांना मतदानाने विचारलं. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन आणि अनेक कार्यकर्त्यांनी, गावकऱ्यांनी त्याआधी दीर्घ लढा दिला होता. मतं टाकणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी नाही म्हटलं, आणि तिथलं भूसंपादन पुढे बारगळलं. १८९४च्या भूसंपादन कायद्यात ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती. राज्य हे अंतिम मालक, खातेदार त्याच्या मर्जीवर, असं त्या कायद्याचं तत्त्वज्ञान होतं. २०१३च्या नव्या कायद्यात खासगी प्रकल्पांसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट आली.

पण पेणच्या त्या मतदानात मत होतं ते खातेदाराला. शेतमजुराला, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला, कातकरवाडीला नव्हतं. जमीन गेली असती तर त्यांचंही जगणं गेलं असतं. ‘ज्याची जमीन त्याचं मत’ हेसुद्धा एक तात्त्विक उत्तर आहे आणि ते त्या दिवशी फारशी चर्चा न होता गृहीत धरलं गेलं.

विनोबांचं, चरीचं, शास्त्रींचं आणि पेणच्या मतदारांचं, अशी ही उत्तरं समोर ठेवली तर माझा कौल चरीला जातो. विनोबा आणि शास्त्री माणूस म्हणून मला अधिक उंच वाटतात, त्यांच्या कल्पना अधिक सुंदर आहेत. पण त्यांचं उत्तर मानणाऱ्यापुरतं होतं. चरीचं उत्तर न मानणाऱ्या खोतालाही बांधून घेत होतं, आणि सार्वजनिक जीवनात तात्त्विक उत्तराची कसोटी तीच. कुणाच्याही श्रद्धेला हात न लावता ते परक्यापुढे मांडता आलं पाहिजे, त्याच्याशी वाद घालता आला पाहिजे. एवढं मात्र खरं, की मूळ प्रश्न धगधगता ठेवायचं काम श्रद्धेनेच अधिक केलं. फणसाच्या वाट्यांशिवाय पोचमपल्ली झाली नसती.

वाचकांनी एक करून पाहावं. सातबारा आता सरकारच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. आपल्या गावच्या ग्रामदैवताची जमीन असेल तर तिचा उतारा काढा आणि भोगवटादाराच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते वाचा. देवाचं नसेल, तर ते कधी आणि कोणत्या फेरफाराने गेलं, हे पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा.